किकवरची लाल बांगडी

आमच्या घरात चेहऱ्याला लावायची पावडर कधी टिकली नाही. चमेलीच्या वासाचा डबा आणावा, आरशाशी ठेवावा, आणि चार दिवसांनी बघावं तर डबा मागच्या शेडमध्ये, झाकणावर काळी बोटं उमटलेली. आमचे हे, म्हणजे दयानंदराव, जुन्या मोटरसायकली दुरुस्त करतात. बनशंकरीत आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे. सगळी कामं ते करत नाहीत. तेल गळणं आणि तेल न पोचणं, हे दोनच रोग बघतात. माझी पावडर ते इंजिनाला लावतात.

जुन्या इंजिनातलं तेल जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. निघतं वरच्या सांध्यातून, गाडी पळताना वाऱ्याने मागे पसरतं, आणि थेंब पडतो तळाच्या कुठल्या तरी नटावरून. बाकीचे मेकॅनिक त्या नटाच्या मागे लागतात. आमचे हे इंजिन डिझेलने धुतात, पुसून कोरडं करतात, वरून पावडर भुरभुरवतात, गाडी चालू करतात आणि समोर स्टूल टाकून बसतात. पांढऱ्यावर पहिला तपकिरी डाग जिथे उठेल, तो चोर. गिऱ्हाईक काही सांगायला लागलं की त्याला गप्प करतात. "तुम्ही नका सांगू. पावडर सांगंल."

त्यांचा स्वभावही तसाच. दुधात बोट बुडवून बघणार, नारळ कानाशी हलवून बघणार, पेट्रोल कागदावर सांडून वाळल्यावर डाग राहतो का ते बघणार. तेलाच्या नव्या डब्याचं झाकण भिंगाखाली धरणार. सांध्यात घालायचं बाजारातलं तयार पॅकिंग त्यांनी आयुष्यात लावलं नाही. लग्नाच्या जाड पत्रिका जमवायच्या, इंजिनाच्या तोंडावर ठेवायच्या आणि छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत पॅकिंग कापायचं. आमच्या नात्यातली निम्मी लग्नं या शहराच्या जुन्या इंजिनांमध्ये नटांनी आवळून बसवलेली आहेत. एकदा माझ्या आतेभावाने विचारलं, पत्रिका मिळाली का, आलाच नाहीत. हे म्हणाले, "मिळाली की. मस्त बसली."

मला बघायला आले ते मल्लेश्वरमच्या आमच्या घरी. दोन्ही घरं तीन-साडेतीनशे वर्षांपासून इथलीच, मराठी बोलणारी आणि अर्धी कन्नड झालेली. मोठी माणसं आत गेली तेव्हा हे हळूच म्हणाले, "तुम्हाला हे लग्न खरंच पाहिजे का? का घरच्यांनी स्वल्प दाबलंय?" मला राग आला. माझ्यावर पण संशय, असं वाटलं. मग दोन दिवसांनी लक्षात आलं की तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी मी पुढचे सगळे संशय सोसले. भांडलेही भरपूर, ते वेगळं.

एवढ्या संशयी माणसाला मित्र किती असणार? एकच होता, मल्लाप्पा. निपाणीकडचा टर्नर. इथली त्याची फॅक्टरी बंद पडली तेव्हा तो आपलं लेथ घेऊनच आमच्या शेडमध्ये आला, आणि त्याला आता फार वर्षं झाली. जुन्या गाड्यांत तेल अडवायला लोकरीच्या नमद्याचे वायसर असत, ते कुजतात. त्यांच्या जागी हल्लीचं रबरी ऑइल सील बसवायचं तर आधी लोखंडात त्याच्या मापाचं घर करावं लागतं. ते मल्लाप्पा करायचा. त्याने बनवलेला प्रत्येक तुकडा हे हातात घेऊन व्हर्निअर लावून मोजायचे, दोनदोनदा. दुसरा कुणी असता तर अपमान समजून निघून गेला असता. मल्लाप्पा हाताची घडी घालून उभा राहायचा. "बघ अण्णा, पोटभर बघ." माप बरोबर निघालं की दोघं एकत्र जेवायला बसायचे, आणि यांच्या ताटातली मिरची मल्लाप्पा न विचारता उचलायचा.

हे सगळं मोडायला आलं ते अभिजीतच्या मॅचलेसमुळे.

अभिजीत पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. आजोबांची लष्करी लिलावातली मॅचलेस मोटरसायकल त्याने ट्रकमधून इथे आणली होती. आला तो तक्रार घेऊनच. "काका, बेसमेंटमधला सिक्युरिटीवाला ऑइल चोरतोय. आय अ‍ॅम शुअर. मी फुल टँक भरतो, दोन वीकेंड गाडी काढली नाही की टँक एम्प्टी. पुन्हा भरून स्टार्ट केली की सगळीकडून ऑइल बाहेर. म्हणजे तो काहीतरी टॅम्परपण करतोय."

यांना इतकं खूश मी क्वचित पाहिलंय. आयुष्यभर ज्याने सगळ्यांवर संशय घेतला, त्याला दुसऱ्याचा संशय खोडून काढायला मिळाला. "चोर कुणी नाही," हे म्हणाले. त्या गाडीत तेलाची टाकी वेगळी, सीटखाली. तिथून पंप तेल इंजिनात ढकलतो आणि परत आणतो. पंप म्हातारा होऊन झिजला की गाडी नुसती उभी असतानाही तेल त्याच्या फटीतून हळूहळू खाली उतरतं. टाकी रिकामी, इंजिनाचं पोट भरलेलं. त्यात अभिजीत वरून आणखी तेल ओतत होता, मग किक मारल्यावर ते मिळेल त्या वाटेने बाहेर पडणारच. अभिजीत ओशाळला. त्या सिक्युरिटीवाल्याची तो तक्रार करून बसला होता.

पंपाचा आतला दांडा नवा करायला मल्लाप्पाला वेळ लागणार होता. तोवर म्हणून यांनी टाकीखालच्या नळीत एक छोटा पितळी कॉक बसवला. गाडी उभी केली की कॉक आडवा, तेल बंद. गाडी काढताना कॉक उभा, तेल चालू. सोपं आहे, पण धोक्याचं आहे. कॉक उघडायचा विसरून गाडी काढली तर इंजिन कोरडं पळतं आणि मैलभरात पिस्टन जाम होतो. त्यासाठी यांनी माझी एक लाल प्लास्टिकची बांगडी घेतली. कॉक बंद केला की बांगडी किकच्या दांड्यात अडकवायची. कॉक उघडल्याशिवाय बांगडी काढायची नाही, आणि बांगडी काढल्याशिवाय किक मारायची नाही. शेडमधल्या अशा सगळ्या गाड्यांना हाच नियम, आणि माझ्या बांगड्यांची जोडी कधी पुरी नाही.

एका सकाळी हे मॅचलेस घेऊन फेरी मारायला गेले. कनकपुरा रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांखाली, गाडी जागच्या जागी जाम झाली आणि हे कोपरावर पडले. टेम्पोत गाडी घालून परत आले तेव्हा बाहीला रक्त होतं. मी हळद आणायला धावले, तर म्हणाले, "ते राहू दे. कॉक बंद होता."

"उघडायचा राहिला असेल," मी म्हटलं.

"उघडला. उघडून मग बांगडी काढली, खिळ्याला लावली. मग हेल्मेट आणायला आत आलो. तेवढ्यात कुणीतरी बंद केला."

"कुणी?"

त्यांनी मान वळवली. लेथकडे बघत राहिले. मल्लाप्पा पाठमोरा, काम करत होता.

मी भांडले. म्हटलं, इतक्या वर्षांचा माणूस, तुमची गाडी कशाला बिघडवेल? यांच्याकडे उत्तर तयार होतं. होसूर रस्त्याला कुणा रणजीतने जुन्या गाड्यांचं काचेचं मोठं दुकान काढलं होतं, आणि मल्लाप्पाला दोनदा बोलावणं पाठवलं होतं. "इथलं नाव खराब झालं की गिऱ्हाईक तिकडे. मल्लाप्पापण तिकडे. साधं आहे." आणि वर, तो हल्ली फोन घ्यायला फाटकाबाहेर जातो, ते कशाला?

जाम झालेलं इंजिन उघडलं, मल्लाप्पाने सिलिंडर घासून नवा पिस्टन बसवून दिला. त्या काळात यांनी त्याला तोंडावर एक शब्द विचारला नाही. त्यापेक्षा वाईट केलं. मल्लाप्पाने बुश आणून समोर धरलं तर ते न मोजता बाजूला ठेवलं. मल्लाप्पा घडी घालून उभा राहिला, मग घडी सोडून परत गेला. दुपारी यांनी डोकं दुखतंय म्हणून जेवण आत मागवलं. शेडला दुसरं कुलूप आलं, आणि त्याची किल्ली मल्लाप्पाला दिली नाही. तो सकाळी येऊन आम्ही कुलूप काढेपर्यंत पायरीवर बसू लागला. एकदा मला म्हणाला, "अक्का, अण्णाला काय झालंय?" मी म्हटलं, गोत्तिल्ला. खरं म्हणजे मला माहीत होतं, आणि त्याच्याकडे बघून मला रडू येत होतं.

पण खोटं कशाला बोलू, हळूहळू मीही बघायला लागले. संशय घरात एकदा सांडला की पायांना लागून सगळ्या खोल्यांत जातो. मल्लाप्पा फोनवर कुजबुजत कन्नडमध्ये बोलायचा, मी कपडे वाळत घालताना दिसले की थांबायचा. हे जेवून वामकुक्षीला गेले की तो लेथ बंद करून अभिजीतच्या गाडीपाशी जायचा. इकडेतिकडे बघायचा, वाकायचा, पान्हा फिरवायचा. मी न्हाणीघराच्या खिडकीतून हे दोनदा पाहिलं. यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी निकाल लागला असता.

निकाल तसाही ठरलेला होता. "अभिजीतची गाडी शनिवारी जाईल," हे म्हणाले. "ती गेली की मल्लाप्पाला सांगतो, तुझं लेथ उचल."

"आणि तुमचं चुकत असलं तर?"

"तसं दाखव मग."

ठीक आहे, म्हटलं. दाखवते.

शनिवारी हे अंघोळीला गेले तेव्हा मी नवा पावडरीचा डबा घेऊन शेडमध्ये गेले. मॅचलेसचा कॉक आडवा होता, किकवर बांगडी होती. कॉक फिरवायच्या पितळी चिमटीला मी बोटाने पावडर चोळली, जास्तीची फुंकली. शेडमध्ये उजेड कमी, वरून काही दिसत नव्हतं. ज्याचा हात लागेल त्याच्या बोटांना लागणार. मग फाटक उघडलं, मल्लाप्पाला आत घेतलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात पालक निवडत बसले. तिथून गाडी समोर दिसते.

मल्लाप्पाने लेथ चालू केलं नाही. तो सरळ गाडीपाशी गेला. त्याने पान्हा काढला, वाकला, पंपाशी काहीतरी केलं आणि उठला. मी कॉफी घेऊन गेले. पेला त्याच्या हातात देताना दोन्ही हात नीट बघितले. तेलाने काळे होते, पांढरं काही नव्हतं. कॉक आडवाच होता.

थोड्या वेळाने हे आले. कपाळाला गंध, चष्मा डोक्यावर. गाडीपाशी वाकून कॉक उभा केला. बांगडी काढून खिळ्याला लावली. मी दारातून बघत होते. मग हे हेल्मेट आणायला आत आले. हेल्मेट नेहमीच्या खुंटीवर होतं. हे खुंटीसमोर उभे राहून इकडेतिकडे शोधत होते. मी म्हटलं, "अहो, समोर." ते घेऊन हे बाहेर गेले. गाडीपाशी थांबले. ओठ हलले. कॉक, असं काहीतरी म्हणाले स्वतःशीच. संशय आला असणार, उघडला का नाही. मग वाकले, न बघता हात घातला, आणि कॉक फिरवला.

आडवा झाला.

समाधानाने उभे राहिले, हेल्मेट चढवलं आणि किकवर पाय ठेवला.

माझ्या मांडीवरचा पालक खाली पडला. मी धावत जाऊन गाडीसमोर उभी राहिले. "थांबा. कॉक बघा."

त्यांनी खाली वाकून पाहिलं. सरळ झाले तेव्हा चेहरा लाल झाला होता. "बघितलंस? आता तरी बघितलंस ना? मी आत्ता उघडून गेलो होतो. मल्लाप्पा, इकडे ये. आता बोल."

मल्लाप्पा आला. त्याने कॉककडे पाहिलं, खिळ्यावरच्या बांगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर त्याला काय दिसलं कोण जाणे. हात पुसत म्हणाला, "माझाच हात लागला असंल अण्णा. पान्हा फिरवताना. चुकलं माझं."

"लागला असंल?" हे म्हणाले. "गाडी जाम झाली तेव्हापण तुझाच लागला?"

"तवापण," मल्लाप्पा म्हणाला.

आता मी गप्प बसले असते तर मल्लाप्पा त्याच दिवशी लेथ घेऊन गेला असता. "कॉकला मी सकाळी पावडर लावलीय," मी म्हटलं.

यांना पुढचं सांगावं लागलं नाही, पद्धत त्यांचीच होती. त्यांनी मल्लाप्पाचा उजवा हात धरला आणि पत्र्याच्या फटीतल्या उन्हात उलटासुलटा केला. मग डावा. सगळ्या रेघांत काळं तेल. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी पुन्हा पाहिलं, नखांच्या कडेनेसुद्धा. हात सोडला. मग स्वतःची बोटं वर धरली. अंगठा आणि पहिलं बोट पांढरं होतं. त्यांनी ती नाकाशी नेली. चमेलीचा वास मला उभ्या जागी येत होता.

"तू खोटं का बोललास?" त्यांनी मल्लाप्पाला विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मल्लाप्पाने पान्ह्याने पंपाकडे दाखवलं. "पंपाचे नट तू ढिले सोडतोस अण्णा. एकदा नाही, बऱ्याचदा. त्या दुसऱ्या गाडीला तेल न घालताच चालू करणार होतास. मी मागनं येऊन आवळत होतो, भरत होतो. आमच्या थोरल्या भावाचं विसरणं असंच सुरू झालेलं. वहिनीला फोन करून विचारत होतो, डॉक्टर कुठला, गोळी कुठली. तुला कसं सांगायचं, तेच गोत्तागलिल्ला, कळंना."

हे स्टुलावर बसले. पावडर लावून ज्या स्टुलावर बसून चोर शोधायचे, त्याच. "म्हणजे गाडी मी जाम केली," ते म्हणाले. मी नाही म्हणणार होते. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणू, बोटं तर त्यांनीच पाहिली होती. मी मल्लाप्पाला वाचवायला निघाले होते, आणि माझ्या हाती हे लागलं. तो डबा मी परत कधी आरशाशी ठेवला नाही.

अभिजीत आला तेव्हा यांनी मला बोलू दिलं नाही. "गाडी आज मिळणार नाही. मागे जाम झाली ती माझ्या हातून. मल्लाप्पा पंपाचा दांडा पुरा करू दे, मग कॉकच काढून टाकतो." अभिजीत म्हणाला, "इट्स ओके काका, काही घाई नाही." गाडी नंतर कॉकशिवाय गेली. अजून तिचं तेल टाकीतच राहतं.

डॉक्टरने विसरण्याच्या रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, सुरुवात आहे म्हणाला. शेडचं दुसरं कुलूप मी काढून टाकलं. कामं येतात. गळती शोधायला पावडर घेऊन हे अजून स्टुलावर बसतात, आणि त्यांना डाग मल्लाप्पाच्या आधी दिसतो. पण नट यांनी आवळला की मल्लाप्पा येऊन पुन्हा पान्हा लावून बघतो. हे हाताची घडी घालून उभे राहतात. "बघ, पोटभर बघ," म्हणतात. दुपारी दोघं एकत्र जेवतात, मिरची अजून तोच उचलतो.

दुसऱ्या काही गाड्यांना कॉक आहेतच. आता असं ठरलंय की कॉक मी उघडायचा आणि बांगडीही मीच काढायची. हे हेल्मेट घालून येतात, मल्लाप्पा मागच्या सीटवर बसतो. हे मला विचारतात, "उघडा आहे?"

मी म्हणते, "उघडा आहे."

आणि ते वाकत नाहीत. दुधवाल्याचं दूध, नारळवाल्याचा नारळ, मल्लाप्पाचं माप, काही म्हणून ज्यांनी तपासल्याशिवाय घेतलं नाही, ते माझ्या एका शब्दावर सरळ किक मारतात. लोक म्हणतील, बाईला आणखी काय पाहिजे? मला ते बघवत नाही. एकदा तरी वाकावं, माझ्यावर संशय घ्यावा, असं वाटतं.

गाडी फाटकाकडे वळायच्या आत मी पुन्हा एकदा पुढे होऊन कॉक बघून घेते. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.